डॅशची ट्रेझरी: मतमोजणी चोख, देखरेख रामभरोसे

क्रिप्टोमध्ये ‘पैसे कुठे जायचे ते कम्युनिटी ठरवते’ असं सांगणारे प्रकल्प पैशाला पासरी आहेत. खोलात गेलं की बहुतेक ठिकाणी पाच-सात जणांची समिती निघते आणि कम्युनिटीचं मत ‘सल्ला’ म्हणून घेतलं जातं. डॅश या क्रिप्टोचलनाची ट्रेझरी, म्हणजे विकासकामांना पैसे देणारा खजिना, याला अपवाद आहे. इथे समिती नाही, खजिनदार नाही, चेकवर सही करणारा कोणी नाही. मतं पुरेशी पडली की नेटवर्क स्वतःच पैसे देतं, कमी पडली की देत नाही. २०१५ पासून हे चालू आहे. मतदानातून विकासाला अनुदान देणाऱ्या जुन्या व्यवस्थांमध्ये हिचं नाव फार वरती येतं.

म्हणून हे परीक्षण एका सेवेचं समजून वाचा. या सेवेचे ग्राहक दोन: अनुदान मागणारा आणि मत देणारा. दोघांनाही आत शिरण्याआधी काय माहीत हवं, कुठे पाय घसरतो आणि फी भरण्याजोगा हा मामला आहे का, एवढंच इथे पाहू.

पैसा येतो कुठून, हे आधी समजून घ्यावं लागतं. डॅशमध्ये दर ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या दर गठ्ठ्यामागे, नवी नाणी तयार होतात आणि त्यांची वाटणी मायनर (ब्लॉक तयार करणारे), मास्टरनोड (तारण ठेवून नेटवर्कला सेवा देणारे सर्व्हर) आणि ट्रेझरी अशी होते. सुरुवातीची अनेक वर्षं ट्रेझरीचा वाटा १० टक्के होता. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सॉफ्टवेअरच्या २० व्या आवृत्तीनंतर वाटणी बदलून मास्टरनोडना ६०, मायनरना २० आणि ट्रेझरीला २० टक्के अशी झाली. हा वाटा कुठल्या खात्यात साठत नाही, हे मात्र नवख्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. दर १६,६१६ ब्लॉकनंतर एक सुपरब्लॉक येतो आणि मंजूर प्रस्तावांचे पैसे त्या एकाच ब्लॉकमध्ये थेट तयार होऊन ज्याच्या त्याच्या पत्त्यावर जातात. जे वाटलं गेलं नाही ते तयारच होत नाही, पुढच्या महिन्यासाठी शिल्लकही राहत नाही. सरकारी खात्यांत मार्चअखेर निधी संपवायची जी घाई दिसते, तिला इथे कारण उरत नाही, कारण न खर्चलेला पैसा म्हणजे न छापलेला पैसा आणि त्याचा फायदा सगळ्याच डॅशधारकांना. कल्पना म्हणून ही रचना देखणी आहे.

दर महिन्याला किती डॅश उपलब्ध आहेत हे कोणाला विचारायची गरज नाही. डॅश कोअर वॉलेटच्या कन्सोलमध्ये ‘गेटगव्हर्नन्सइन्फो’ ही कमांड दिली की प्रस्तावाची फी, मागचा आणि पुढचा सुपरब्लॉक, मंजुरीसाठी लागणारी मतं आणि त्या फेरीचं बजेट असं सगळं समोर येतं. पुढच्या एखाद्या ठरावीक सुपरब्लॉकचं बजेट हवं असेल तर ‘गेटसुपरब्लॉकबजेट’ला ब्लॉकचा आकडा द्यायचा. नवी नाणी दर २,१०,२४० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण ३८३ दिवसांनी, एक चौदांशाने कमी होतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या प्रस्तावातला आकडा पाहून आपली मागणी ठरवू नये.

मत कोणाला असतं

इथे लोकशाहीची कल्पना थोडी बाजूला ठेवावी लागते. मत माणसाला नाही, मास्टरनोडला आहे. मास्टरनोड चालवायला १,००० डॅश तारण म्हणून एका पत्त्यावर पडून राहावे लागतात. ४,००० डॅश तारणाचा मोठा मास्टरनोड, म्हणजे एव्होनोड, असेल तर त्याला चार मतं. ज्याच्याकडे ९९९ डॅश आहेत त्याचं मत शून्य. मास्टरनोडमध्ये हिस्सा विकणाऱ्या सेवा आहेत, पण तिथे मताची चावी (मत देण्यासाठी लागणारा गुप्त सांकेतिक आकडा) सेवा चालवणाऱ्याकडे असते. हिस्सेदारांची पसंती विचारायची की नाही हा त्याच्या मर्जीचा प्रश्न.

टीकाकार इथे डॅशच्या जन्माकडे बोट दाखवतात आणि ते चूक नाही. जानेवारी २०१४ मध्ये हे चलन सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच सुमारे २० लाख नाणी मायनिंगमधून निघाली, ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. त्यातली किती अजून मूळ हातांत आहेत आणि किती मास्टरनोडखाली आहेत याचा छडा बाहेरून लागत नाही. मतं मात्र उघडी असतात. कुठल्या मास्टरनोडने कुठल्या प्रस्तावाला काय मत दिलं हे कोणालाही पाहता येतं, आणि एमएनओ वॉचसारखी संकेतस्थळं मतांची नोंद ठेवतात. पन्नास-साठ मास्टरनोड प्रत्येक प्रस्तावावर एकाच वेळी, एकाच दिशेने हलताना दिसले की त्यांच्यामागे एकच हात असावा हा तर्क कोणीही करतो. अनुदान मागणाऱ्याने मागच्या तीन-चार फेऱ्यांची ही मतं जरूर चाळावीत. मोठे गठ्ठे कशाला ‘नाही’ म्हणतात ते दिसलं की आपला प्रस्ताव कसा मांडायचा हे निम्मं कळतं.

एक बारकावा. मतं ब्लॉकचेनमध्ये लिहिली जात नाहीत. ती नोडपासून नोडपर्यंत निरोपासारखी फिरतात आणि प्रस्तावाची मुदत संपली की नोड ती पुसून टाकतात. ब्लॉकचेनवर कायम राहतं ते फक्त फीचं ट्रान्झॅक्शन आणि सुपरब्लॉकमधलं पेमेंट. ‘सगळं ब्लॉकचेनवर आहे’ असं म्हणणाऱ्याला हे विचारून पाहा. पाच वर्षांपूर्वी कोणी कशाला मत दिलं हे पाहायचं तर अशी नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरच विसंबावं लागतं.

मत देण्याची सोय चांगली आहे, असं मोकळेपणाने म्हणता येईल. २०१९ पासून मास्टरनोडच्या तीन वेगळ्या चाव्या आहेत: मालकाची, चालवणाऱ्याची आणि मतदानाची. तारणाचे १,००० डॅश हार्डवेअर वॉलेटमध्ये निवांत पडलेले असताना मतदानाची चावी साध्या संगणकावर ठेवता येते. ती चोरीला गेली तरी चोराला फक्त मतं देता येतील, नाण्यांना हात लागत नाही. डॅश मास्टरनोड टूल हा प्रोग्रॅम वापरला तर माउसने काम होतं. कन्सोल आवडणाऱ्यांसाठी ‘जीऑब्जेक्ट व्होट-मेनी’ ही कमांड, तिच्यापुढे प्रस्तावाचा हॅश (मजकुरावरून निघणारा, त्याची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा), मग ‘फंडिंग’ आणि मग ‘येस’, ‘नो’ किंवा ‘अब्स्टेन’. वॉलेटमध्ये ज्या ज्या मास्टरनोडच्या मतदान-चाव्या आहेत त्या सगळ्यांची मतं एका फटक्यात जातात. एकाच मास्टरनोडचं मत द्यायचं असेल तर ‘व्होट-एलियस’. मत कितीदाही बदलता येतं, फक्त दोन बदलांमध्ये तासाभराचं अंतर लागतं. मतदानाची चावी बदलली तर त्या मास्टरनोडची जुनी मतं बाद होतात. हे विसरून चावी बदलणारे बरेच आणि नंतर ‘माझी मतं कुठे गेली’ म्हणून विचारणारेही बरेच.

मंजुरीचं गणित

नियम एका ओळीचा आहे: ‘हो’मधून ‘नाही’ वजा करा, उत्तर एकूण मतशक्तीच्या १० टक्के किंवा अधिक हवं. इतक्या साध्या नियमातून केवढे पेच निघतात ते आकडे टाकून पाहण्यासारखं आहे.

समजा एकूण मतशक्ती ४,००० आहे. मंजुरीला ४०० ची आघाडी लागेल. एका प्रस्तावाला ९०० ‘हो’ आणि ५२० ‘नाही’. आघाडी ३८०, म्हणजे नापास. मत देणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक बाजूने असूनही एक पै मिळत नाही. दुसऱ्या प्रस्तावाला ४१० ‘हो’ आणि ५ ‘नाही’, आघाडी ४०५, पास. म्हणजे ज्याच्यावर कडाडून वाद झाला तो पडतो आणि ज्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही तो सुखरूप निघून जातो. ‘अब्स्टेन’ आघाडीत धरलं जात नाही, त्यामुळे तटस्थ मताचा व्यवहारात परिणाम घरी बसण्याइतकाच. मोठ्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जे होतं तेच इथे होतं: विरोध करायला माणसं आवर्जून येतात, पाठिंबा असलेले घरी टीव्ही बघतात.

मतदान कमी होण्याचा हा फटका जसा प्रस्ताव मांडणाऱ्याला बसतो, तसा व्यवस्थेलाही. मास्टरनोडला मत दिल्याबद्दल जादा काही मिळत नाही आणि न दिल्याबद्दल काही कापलं जात नाही. महिन्याचं उत्पन्न दोन्हीकडे तेवढंच. उत्पन्नासाठी नोड चालवणाऱ्याला वीस पानी प्रस्ताव वाचायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१० टक्क्यांचा अडथळा पार केला तरी पैसे मिळतीलच असं नाही. पास झालेले प्रस्ताव आघाडीनुसार उतरत्या क्रमाने लावले जातात आणि बजेट पुरेल तिथपर्यंत पैसे मिळतात. एखादी मोठी मागणी उरलेल्या बजेटात बसत नसेल तर तिला वगळून खालची छोटी मागणी घेतली जाते. ज्या महिन्यात गर्दी असते त्या महिन्यात ८०० डॅश मागणाऱ्यापेक्षा ६० डॅश मागणाऱ्याचं बरं चालतं. मोठ्या मागणीचे स्वतंत्र तुकडे करता येतात, पण प्रत्येक तुकड्याची फी वेगळी आणि प्रत्येकाला आघाडी वेगळी मिळवावी लागते.

प्रस्ताव टाकताना

फी १ डॅश. ती कोणाला जात नाही, जळते. पूर्वी ती ५ डॅश होती. डिसेंबर २०१७ मध्ये एक डॅश दीड हजार डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे नुसता अर्ज करायला साडेसात हजार डॉलर! त्या काळात छोट्या कल्पनांनी तोंड दाखवायचीही सोय नव्हती. १ डॅशची फी रास्त वाटते: भुरट्या अर्जांना आळा बसतो आणि प्रामाणिक माणसाचं दिवाळं निघत नाही. प्रस्ताव नापास झाला तरी फी परत नाही. म्हणून मागणीच्या रकमेत फीचा १ डॅश मिळवून टाकण्याची पद्धत आहे. ते उघड लिहावं, कोणी आक्षेप घेत नाही.

प्रत्यक्ष अर्ज म्हणजे सात गोष्टींचा छोटासा जेसन (संगणकाला वाचता येणाऱ्या साच्यातला) मजकूर: नाव, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पैसे घ्यायचा पत्ता, दर महिन्याची रक्कम, दुवा आणि प्रकार. नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेघ चालते, जास्तीत जास्त ४० अक्षरं. देवनागरी नाव टाकाल तर प्रस्ताव अवैध. हा मजकूर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) बदलायचा, ‘जीऑब्जेक्ट चेक’ने तपासायचा आणि मग ‘जीऑब्जेक्ट प्रिपेअर’ द्यायचा. याच क्षणी फी जळते, त्यामुळे तपासणी आधी करणं शहाणपणाचं. प्रिपेअरमधून ट्रान्झॅक्शन आयडी मिळतो. सहा कन्फर्मेशन होऊ द्यायची, म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनला सहा ब्लॉकचा दुजोरा मिळू द्यायचा, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटं, आणि तोच हेक्स, तीच वेळ, तोच आयडी देऊन ‘जीऑब्जेक्ट सबमिट’ करायचं. त्यातून जो हॅश येतो तोच मतदारांना द्यायचा.

गडबड होते ती नेमकी याच टप्प्यावर. प्रिपेअर करून झाल्यावर कोणाला तरी शुद्धलेखनाची चूक दिसते, तो हेक्स नव्याने बनवून सबमिट करतो आणि नेटवर्क तो नाकारतं, कारण फीचं ट्रान्झॅक्शन जुन्या मजकुराच्या हॅशशी बांधलेलं असतं. दुरुस्ती हवी तर पुन्हा १ डॅश. दुसरी ठरलेली चूक म्हणजे वेळेचा आकडा दोन्ही कमांडमध्ये वेगळा देणं. संगणक मध्येच बंद पडला आणि आयडी हरवला तर घाबरू नये, ‘जीऑब्जेक्ट लिस्ट-प्रिपेअर्ड’ने तयार केलेले प्रस्ताव त्याच वॉलेटमधून परत मिळतात. हे सगळं हाताने करायची हौस नसेल तर डॅशचं प्रस्ताव बनवणारं अधिकृत पान तारखा आणि दोन्ही कमांड तयार करून देतं. तेच वापरावं. तारखांचा हिशेब डोक्याने करण्यात शहाणपणा नाही: शेवटची वेळ सुपरब्लॉकच्या फार जवळ धरली तर शेवटचा हप्ता बुडतो, फार पुढची धरली तर एक हप्ता जास्त निघतो आणि लोक संशयाने पाहतात.

पैसे घेण्याच्या पत्त्याबद्दल दोन शब्द. एक्स्चेंजवरचा, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारातल्या खात्याचा, पत्ता चुकूनही देऊ नये. सुपरब्लॉकमधून आलेला पैसा म्हणजे नव्याने तयार झालेली नाणी असतात, ती १०० ब्लॉक जुनी झाल्याशिवाय खर्चता येत नाहीत आणि एखाद्या एक्स्चेंजची यंत्रणा अशा जमेशी कशी वागेल याचा भरवसा नाही. स्वतःच्या वॉलेटचा पत्ता द्या. तिघे-चौघे मिळून काम करत असाल तर बहुस्वाक्षरी पत्ता घ्या, नंतरच्या आवृत्त्यांमध्ये तोही स्वीकारला जातो.

वेळापत्रक कॅलेंडरच्या महिन्याला बांधलेलं नाही. एका ब्लॉकला सरासरी २.६२५ मिनिटं धरली तर सुपरब्लॉक साधारण ३०.३ दिवसांनी येतो, आणि मतांची मुदत त्याच्या १,६६२ ब्लॉक आधी, म्हणजे सुमारे तीन दिवस आधी संपते. प्रस्ताव टाकायची उत्तम वेळ म्हणजे मागचा सुपरब्लॉक झाल्या झाल्या. तेव्हा टाकलात तर जवळपास चार आठवडे मिळतात. शेवटच्या आठवड्यात टाकलेल्या प्रस्तावाकडे लोक ‘आमच्यावर घाई का लादता’ अशा नजरेने पाहतात, आणि खरं तर त्यांचं बरोबर असतं.

या अर्जातली सगळ्यात मोठी उणीव दुव्याची. सात गोष्टींमध्ये प्रस्तावाचा मजकूर नाहीच, आहे तो फक्त दुवा. काम काय, किती दिवसांत, कोण करणार, हे सगळं त्या दुव्यामागच्या पानावर असतं आणि ते पान मतदान चालू असताना किंवा पैसे मिळाल्यावर बदललं तरी नेटवर्कला त्याचा पत्ता लागत नाही. मतदाराने निदान पान उतरवून ठेवावं. अर्जदाराने मजकुराची पीडीएफ करून तिचा हॅश पानावरच आणि इतरत्र जाहीर करावा. कोणी मागत नाही, पण अशाने ओळख नसलेल्या माणसावरही विश्वास बसतो.

पैसे हातात आल्यावर

मागणी डॅशमध्ये असते, खर्च डॉलरमध्ये किंवा रुपयांत. समजा मागणीच्या दिवशी भाव ३० डॉलर आहे आणि ३,००० डॉलरचं काम म्हणून १०० डॅश मागितले. चार आठवड्यांनी पैसे मिळाले तेव्हा भाव २४ असेल तर हातात २,४०० डॉलर. सबमिट झालेल्या प्रस्तावातली रक्कम बदलता येत नाही. सहा महिन्यांच्या प्रस्तावात हा धोका सहापट लांबतो. डिसेंबर २०१७ ला दीड हजारांच्या घरात असलेला डॅश वर्षभरात शंभर डॉलरच्याही खाली आला. त्या वर्षी ट्रेझरीवर पगार अवलंबून असलेल्या टीमचं काय झालं असेल याची कल्पना करा. डॅशचं मुख्य सॉफ्टवेअर बनवणाऱ्या डॅश कोअर ग्रुपलासुद्धा माणसं कमी करावी लागली. म्हणून दोन महिन्यांपेक्षा लांबचा प्रस्ताव टाकताना भाव पडला तर कामातलं काय वगळणार आणि चढला तर जादा पैशाचं काय करणार, या दोन्ही ओळी लिहाव्यात. पहिली सगळे लिहितात, दुसरी फार थोडे. मतदाराची नजर दुसरीवर असते.

मुख्य तक्रार मात्र भावाची नाही. सुपरब्लॉकमधून गेलेला पैसा परत आणायची कुठलीही सोय नाही. टप्पे नाहीत, हमी नाही, पावती मागणारा कोणी नाही. एकरकमी मागणी मंजूर झाली की मतदाराचं शस्त्र संपलं. बहुमहिना प्रस्तावात निदान एक लगाम आहे: मतं प्रत्येक सुपरब्लॉकला नव्याने मोजली जातात, त्यामुळे काम थांबलेलं दिसलं की मतदारांनी ‘हो’चं ‘नाही’ केलं तर पुढचे हप्ते बंद होतात. पण त्यासाठी शेकडो मास्टरनोडनी पुन्हा लॉगिन करून मत बदलायला हवं, आणि पहिल्यांदा मत द्यायलाच जिथे लोक आळस करतात तिथे दुसऱ्यांदा कोण येणार? एकदा दिलेलं ‘हो’ महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं.

हे भगदाड बुजवायचे प्रयत्न झाले. पैसे तिसऱ्याच्या ताब्यात ठेवून काम दाखवल्यावर सोडायची एस्क्रो पद्धत रुळली. प्रस्तावांचा पाठपुरावा करून अहवाल देणारी डॅश वॉच नावाची टीम काही काळ होती, तिचा खर्चही ट्रेझरीतूनच चालायचा. केमन आयलंड्समध्ये डॅश इन्व्हेस्टमेंट फाउंडेशन उभं राहिलं, म्हणजे नुसतं अनुदान देऊन हात झटकण्याऐवजी कंपनीत हिस्सा घेता यावा. कोअर ग्रुप स्वतः एका ट्रस्टखाली आहे आणि त्या ट्रस्टचे रखवालदार मास्टरनोड मतदानाने निवडतात. प्रयत्न सगळे चांगले, पण एकही प्रोटोकॉलचा भाग नाही. उद्या एस्क्रो वापरायचं नाही असं एखाद्याने ठरवलं तर नेटवर्क त्याला अडवत नाही.

हा दोष नेमका कुठल्या प्रस्तावांत भोवतो? कोड लिहिणाऱ्यांत कमी, कारण कोड उघडा असतो आणि झालं की नाही ते दिसतं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीशी २०१८ मध्ये झालेला साडेतीन लाख डॉलरचा संशोधन करार घ्या: समोर विद्यापीठ, ठरलेले विषय, प्रसिद्ध होणारे अहवाल. जाहिरात, मेळावे, ‘व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचणे’ या सदरातल्या प्रस्तावांत मात्र मोजायला काही धड सापडत नाही. व्हेनेझुएलात हजारो दुकानांनी डॅश स्वीकारायला सुरुवात केल्याचे आकडे यायचे, पण काउंटरवर स्टिकर लावणं आणि रोज त्यात गिऱ्हाईक होणं यांत केवढं अंतर आहे! मतदार म्हणून सल्ला विचाराल तर मोजता येईल असा एक आकडा प्रस्तावात नसेल तर ‘नाही’ दाबा.

ज्या निर्णयात पैसा गुंतलेला नाही तिथे हीच यंत्रणा झकास चालते. जानेवारी २०१६ मध्ये ब्लॉकचा आकार दोन मेगाबाइट करावा का, हा प्रश्न मास्टरनोडपुढे ठेवला आणि दिवसभरात कौल आला. त्याच प्रश्नावर बिटकॉइनमध्ये वर्षानुवर्षं रणकंदन चाललं होतं.

इतरांशी तुलना करायची तर शेजारी बसवण्याजोगा एकच: डिक्रेड या चलनाची पॉलिटिया ही प्रस्ताव-व्यवस्था. तिथे मत तिकिटांना (नाणी अडकवून घेतलेल्या मतहक्कांना) असतं, पात्र तिकिटांपैकी किमान २० टक्के मतदान आणि त्यात ६० टक्के ‘हो’ लागतात. म्हणजे वादग्रस्त पण बहुमताचा प्रस्ताव तिथे तरतो, वरच्या उदाहरणातला ६३ टक्क्यांचा प्रस्ताव पास झाला असता. प्रस्तावाचा मजकूर व्यवस्थेच्या आत असतो आणि त्यावर ब्लॉकचेनचा कालशिक्का बसतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत: काम करायचं, महिन्याचं बिल लावायचं, मग पैसे. डॅशने यातली निदान शेवटची गोष्ट उचलायला हवी होती. गिटकॉइन या देणग्यांना जोड-निधी देणाऱ्या अनुदान-मंचाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे देणगीच्या वर्गमुळांची बेरीज करून तिचा वर्ग घेतात. शंभर जणांनी एकेक डॉलर दिला तर आकडा येतो १०,०००, एकाने शंभर दिले तर १००. माणसं मोजायची ही हुशार युक्ती, पण मग एकच माणूस शंभर वॉलेट उघडतो आणि सगळी मेहनत खोटी माणसं ओळखण्यात जाते. डॅशला ही डोकेदुखी नाही: हजार डॅशचे पाच नोड एकाचेच निघाले तरी नियमाने ती पाच मतं आहेत. श्रीमंतांचं राज्य म्हणा, पण खोटेपणा नाही.

तेव्हा वापरावी कोणी? छोटं, महिना-दोन महिन्यांचं, निम्मं आधीच करून दाखवलेलं तांत्रिक काम असेल आणि रक्कम बजेटच्या एक-दोन टक्क्यांत बसत असेल तर डॅशच्या ट्रेझरीसारखी चटकन निर्णय देणारी दुसरी जागा सापडणं अवघड. कोणाच्या ओळखीची गरज नाही, मुलाखत नाही, तीस दिवसांत हो किंवा नाही. पाचपैकी चार. वर्षभर टीम पोसायची असेल तर दोन. मतदार म्हणून बघाल तर मत देण्याच्या सोयीला साडेचार आणि मत दिल्यानंतर हातात काय उरतं याला दीड.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली, डॅश विकणार कुठे ते मागणी लिहिण्याआधी पक्कं करा. डॅशमध्ये व्यवहार मिसळण्याची ऐच्छिक सोय असल्यामुळे त्याची गणना मोनेरो आणि झीकॅश या व्यवहार लपवणाऱ्या चलनांच्या पंगतीत होते. २०१८ मध्ये जपानच्या कॉइनचेक या एक्स्चेंजने आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या बिट्रेक्सने तिघांनाही एकत्रच यादीतून काढलं होतं. दुसरी, कर. कामाच्या मोबदल्यात आलेला डॅश ज्या दिवशी मिळाला त्या दिवशीच्या रुपयांतल्या किमतीला उत्पन्न धरला जातो. पुढे विकताना नफा झाला तर २०२२ पासूनच्या नियमाने त्यावर ३० टक्के, शिवाय व्यवहारावर १ टक्का टीडीएस. पण मिळाल्यापासून विकेपर्यंत भाव पडला तर तो तोटा कशातूनच वजा करता येत नाही. १०० डॅश अडीच लाखांना मिळाले आणि दोन लाखांना विकले तर कर अडीच लाखांवरच बसतो. म्हणून खर्चापुरते डॅश शंभर ब्लॉकची मुदत संपताच विकावेत आणि सुपरब्लॉकचा क्रमांक, तारीख, त्या वेळचा रुपयांतला भाव आणि प्रस्तावाचा हॅश एका कागदावर लिहून तो सीएकडे द्यावा.